विश्वस्त, वहिनी आणि सायखेड्याची जीप

ते प्रकरण मी विसरलो, असं मी बरीच वर्षं सांगत आलो. खोटं सांगत आलो. खून, दरोडे यांचे तपशील आता पुसट झालेत, पण हा एक साधा तक्रार अर्ज आजही शब्दन् शब्द आठवतो. त्यात ना कुणी मेलं, ना काही चोरीला गेलं. गुन्हाही दाखल झाला नाही. तरी चूक झाली होती, आणि ती माझी होती.

नव्वदच्या दशकाच्या मधली वर्षं. मी नाशिकच्या एका पोलीस ठाण्यात उपनिरीक्षक होतो. आमची हद्द शहराच्या कडेला संपायची. आता तिथे सोसायट्या झाल्यात, तेव्हा शेवंती, गुलाब आणि झेंडूचे मळे होते. त्यातल्या एका मळेकऱ्याने अर्ज आणला. थोरला भाऊ दोन वर्षांपूर्वी दुखण्याने गेला होता. मागे वहिनी, दोन लहान मुलं आणि म्हातारी आई. भावाने जाण्याआधी जमिनीचा ट्रस्ट करून एका वकिलाला विश्वस्त नेमलं होतं. अर्जदाराचं म्हणणं असं, की हा वकील वहिनीला दर मंगळवारी आणि शुक्रवारी गाडीत घालून कुठेतरी नेतो. तिला नादी लावून तो जमीन विकणार.

आमच्या खबऱ्यानेही तेच सांगितलं. "साहेब, पांढरी फियाट. बाई मळ्याच्या कडेला उभी राहते, गाडी येते, बाई बसते. सायखेड्याच्या रस्त्याने जाते गाडी. दोन तासांनी परत."

"अजून कोण असतं गाडीत?"

"ते नाही बघितलं."

इथेच मी थांबायला हवं होतं. अर्धं बघणारा खबऱ्या काहीच न बघणाऱ्यापेक्षा वाईट. पण खरं सांगायचं तर माझं मत आधीच झालेलं होतं. एक म्हणजे हा दीर आम्हाला ओळखीचा. ठाण्यातल्या देवाच्या फोटोला दर गुरुवारी हार त्याच्याकडून यायचा, फुकट. दुसरं, विश्वस्त हा व्यवसाय असतो हेच मला पटत नव्हतं. मंदिराचे विश्वस्त माहीत होते. हा माणूस कोर्टातली वकिली सोडून लोकांच्या घरांचा विश्वस्त म्हणून काम करायचा आणि त्याची ठरलेली फी घ्यायचा. फी घेऊन माया कोण करतं? आमचे एक जुने हवालदार होते, ते म्हणाले, "साहेब, डॉक्टरपण फी घेतो की." मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

वकिलांना मी मंगळवारी फोनवरून बोलावून घेतलं. लेखी नोटीस नाही, काही नाही. साठीचा, बारीक अंगाचा माणूस. अकराला आले. साडेचारपर्यंत मी त्यांना बाकावर बसवून ठेवलं. त्याची नोंद स्टेशन डायरीत केली नाही. हे मी आज पहिल्यांदा लिहितोय.

साडेचारला आत घेतलं. दिराला मुद्दाम समोर बसवलं होतं.

"बाईंना कुठे नेता?"

"ते मला आत्ता सांगता येणार नाही."

"का?"

"मी त्यांचा विश्वस्त आहे. त्यांना विचारून उद्या सांगतो."

"पोलिसांना कुणाची परवानगी लागत नाही."

"मला लागते, साहेब."

हवालदारांना हसू आलं आणि त्यांनी ते खोकल्यात दडवलं. मला राग आला.

गप्प बसणारे लोक दोन प्रकारचे असतात. स्वतःला वाचवणारा सारखा दाराकडे बघतो. दुसऱ्या कुणाला वाचवणारा तुमच्याकडे बघतो. वकील माझ्याकडेच बघत होते. मला हा फरक कळत होता. तरीही मी आवाज चढवून, बाहेरच्या बाकावरच्या माणसांनाही ऐकू जाईल असा, तो प्रश्न विचारला.

"मग तुमचं आणि त्या बाईचं नक्की चाललंय काय?"

दिराने मान खाली घातली, पण ओठांच्या कडेला हसू होतं. वकिलांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, "साहेब, हे तुम्ही मला एकट्याला विचारलं असतंत तर बरं झालं असतं." बस्स. संध्याकाळी मी त्यांना सोडलं. प्रश्न मात्र त्यांच्या आधी मळ्यात पोचला.

शुक्रवारी मी आणि हवालदार साध्या कपड्यांत मोटरसायकलवर फियाटच्या मागे निघालो. गाडी मळ्याच्या कडेला पंधरा मिनिटं थांबली. कुणी आलं नाही. मग ती सायखेड्याला गेली, गोदावरीच्या काठच्या एका मोकळ्या माळावर. तिथे एक जुनाट जीप उभी होती आणि बॉनेटवर टेकून एक दांडगा म्हातारा विडी ओढत होता. फियाटमधून वकील उतरले. मागच्या सीटवरून एक बाई उतरल्या, हातात थर्मास आणि विणकाम.

वकील नदीकडे चालत गेले. मी म्हाताऱ्याजवळ जाऊन सहज विचारल्यासारखं विचारलं, "कुणाची वाट बघताय, बाबा?"

"शिकाऊ बाईची. मळेवाली हाय नाशिककडची. मी एसटीचा रिटायर डायव्हर, मी शिकवतो तिला."

"जीप?"

"मंग काय इमान? लय हुशार बाई. पहिल्या दिवशी स्टेरिंगला असं धरलं, जसं बैलाचं शिंग धरत्यात. आता बघा, वकीलसाहेब मधी उभं राहत्यात आन् ती त्यांना वळसा घालून जाते. एकदा धोतराला लागली गाडी, पर साहेब हलले नाय." म्हातारा खो खो हसला. "लर्निंग लायसन हाय. पक्क्याची परीक्षा पुढल्या हप्त्यात. दसऱ्याच्या आत झालंच पायजे म्हणत्यात."

"दसऱ्याच्या आत का?"

उत्तर मागून आलं. त्या बाई, वकिलांच्या पत्नी, थर्मास घेऊन उभ्या होत्या.

"कारण तिच्या नवऱ्याने तसं लिहून ठेवलंय. दोन वर्षं माल धाकट्या भावाने बाजारात न्यायचा. तिसऱ्या दसऱ्याला बायको मळा आणि बाजार दोन्ही सांभाळायला तयार असेल तर सगळा कारभार तिच्याकडे. नसेल तर भावाकडेच. तयार आहे की नाही, हे ह्यांनी ठरवायचं. घरची जीप दिराच्या ताब्यात, आणि शिकतेय म्हटलं असतं तर गावाने हसून हसून तिला घरी बसवलं असतं. म्हणून इथे." त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. "तुम्हीच का ते साहेब?"

मी हो म्हणालो.

"चहा घ्या. तिच्या वाटचा आहे. ती काही आली नाही आज."

तसा चहा मी आयुष्यात प्यायलो नाही. साखर होती, तरी कडू लागला. त्या बाई प्रत्येक वेळी गाडीत असायच्या. जीपमध्येही मागे बसायच्या, डोळे मिटून, रामरक्षा म्हणत. माझ्या खबऱ्याला तेवढ्या दिसल्या नव्हत्या. मंगळवारपासून मळेवाली दाराबाहेर पडली नव्हती. गाव माझाच प्रश्न एकमेकांना विचारत होतं.

ठाण्यात परतल्यावर मी अर्जावर शेरा मारला, 'चौकशी केली, तथ्य नाही, अर्ज निकाली.' कागद साफ झाला. मळ्यात जाऊन चार लोकांत तेच सांगण्याची हिंमत मात्र मला झाली नाही. दिराला बोलावून दम दिला आणि गुरुवारचा हार बंद करायला सांगितला. तेवढंच.

पुढचं मला बऱ्याच वर्षांनी कळलं. त्याच शुक्रवारी संध्याकाळी वकील मळ्यात गेले, एकटे, सगळ्यांच्या देखत. ओसरीवर बसून म्हणाले, "ताई, दसऱ्याला अजून अठरा दिवस आहेत. शिकायचं की नाही हे तुम्ही ठरवा. मी आग्रह करणार नाही. पण लोकांच्या बोलण्यावरून तुम्ही तयार नाही असं मी लिहिणार नाही. लोकांचं बोलणं हा माझ्यापुढचा पुरावा नाही."

बोलली तिची सासू. आत शेंगा फोडत होती, तशीच सूप घेऊन बाहेर आली.

"वकीलसाहेब, तुमच्या गाडीत मागं किती मान्सं बसत्यात?"

"तीन बसतात, आजी."

"मंग मंगळवारपास्नं मी बी येते. माझ्या लेकानं विचार करून माणूस नेमलाय. आता बघू कोण काय बोलतंय." आणि सुनेला म्हणाली, "रडायचं आसंल तर आज रडून घे. गाडीत रडलीस तर रस्ता दिसायचा नाय."

मंगळवारी जीपमध्ये मागे दोघी. एक रामरक्षा म्हणायची, दुसरी ओरडायची, "आगं हळू! माझी कंबर काय सरकारी हाय का?" परीक्षा पहिल्या फटक्यात झाली.

दसऱ्याच्या पहाटे मी फुलबाजाराच्या बंदोबस्ताला होतो. झेंडूचे ढीग, माणसांची रेटारेटी, गाड्यांची रांग. तेवढ्यात रांगेतल्या मळ्याच्या घरच्या जीपपाशी गलका झाला. स्टिअरिंगवर ती होती. डोक्यावर पदर, कपाळावर घाम, नजर सरळ समोर. शेजारी सासू, मांडीवर पाण्याची कळशी. मागे झेंडूच्या पोत्यांवर तिचा दीर, एरंडेल प्यायल्यासारखं तोंड करून. कुणीतरी शिट्टी मारली. दिराने वळून पाहिलं, आणि काय झालं कोण जाणे, पोत्यावर उभा राहून ओरडला, "ए, सरक रे! दिसत नाय का, आमची वहिनी येतीय!"

बाजार हसला, पण वाट झाली. एका फुलांच्या दुकानापाशी वकील सपत्नीक झेंडू घेत उभे होते, जणू सहज आले होते. त्यांनी घड्याळ पाहिलं, खिशातून ती तयार असल्याचा कागद काढला आणि तिथेच, एका पोत्यावर ठेवून, सही केली.

मी काय केलं? मी वर्दीत असूनही चहाच्या टपरीच्या आड गेलो.

पुढे वकिलांचं काम मला लांबून दिसत राहिलं. मुलांच्या शाळेचे दाखले, सासूचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, दिराच्या लग्नात दोन घरांची वाटणी न भांडता कशी व्हावी याच्या बैठका, म्हातारी गेली तेव्हा दहावा. प्रत्येक वळणावर हा माणूस हजर. नात्यातला नव्हता, म्हणून कुणाच्या बाजूचा नव्हता. हिस्सा मागायचा नव्हता, म्हणून खरं बोलू शकायचा. मुलं सज्ञान झाल्यावर त्यांनी सगळे कागद त्यांच्या हाती दिले आणि जेवून घरी गेले.

मी लवकर निवृत्ती घेतली, तेव्हा एक दिवस त्यांच्याकडे गेलो. पंच्याहत्तरीच्या घरात होते. तो बाक, ती न केलेली नोंद, तो प्रश्न, सगळं सांगितलं. माफी मागितली. त्यांनी शांतपणे ऐकलं.

"बाकावर बसवलंत त्याची माफी घेतो. ती माझी आहे. प्रश्नाची नाही घेता येणार."

"का?"

"ती त्यांची आहे. त्यांच्या वतीने परस्पर स्वीकारण्याचा अधिकार मला तेव्हाही नव्हता. आणि आता तर मी विश्वस्तही नाही." मग हसून म्हणाले, "जा, जवळच राहतात. चहा चांगला करतात."

गेलो. शेडमध्ये ती एकटीच गुलाबांची प्रतवारी करत होती. दारात दोन टेम्पो. मी कोण ते सांगितल्यावर तिने कात्री खाली ठेवली आणि पूर्ण ऐकून घेतलं. शेवटी म्हणाली, "साहेब, मला राग नाही असं म्हणणार नाही. चार दिवस मी माझ्याच मळ्यात पाऊल टाकलं नव्हतं. माझ्या पोरीनं शाळेतून येऊन विचारलं होतं, आई, तू काय केलंस?"

मी पुन्हा माफी मागितली.

"आणि माफी अशी शेडमध्ये, कुणी नसताना मागताय. विचारलं होतंत मात्र सगळ्यांसमोर."

"मग काय करू?"

"तुम्हीच ठरवा. पोलीस तुम्ही." मग तिला हसू फुटलं. "नाव मात्र टाकू नका. माझं गिऱ्हाईक चौकशा करत बसेल."

या प्रकरणाने मला काय शिकवलं, असं लोक विचारतात. तपासात पहिला प्रश्न कोणता, यापेक्षा तो कुणाच्या देखत विचारता, हे महत्त्वाचं असतं. अर्ज निकाली काढता येतो, गावात सोडलेला प्रश्न निकाली निघत नाही. तो जिथे सोडला, तिथेच जाऊन उत्तर द्यावं लागतं. त्या दिवशी बाहेरच्या बाकावर बसलेले काहीजण अजून आहेत, आणि हे वाचतीलही. त्यांना सांगतो.

त्या दोघांचं काहीही चाललं नव्हतं. ती गाडी शिकत होती.