लंकेची पाहुणी

सिलोनातल्या शिक्षिकांचा एक जथा आपल्याकडची लेणी आणि चालीरीती बघायला येणार, असं कळल्यावर आमच्या धुळ्यात पहिली चौकशी झाली ती त्यांच्या दातांची. लंकेच्या म्हणजे रावणाच्याच गावच्या! त्या एका झोपेत किती महिने काढतात, हेही माझ्या वर्गातल्या मुलींनी मला विचारून घेतलं.

दोन दिवस धुळ्यात राहायचं, आपलं बघायचं, त्यांचं आम्हाला दाखवायचं आणि मग चाळीसगाव, जळगाव करत अजिंठ्याला जायचं, असा त्यांचा बेत होता. एकेकीला एकेका घरी उतरवायचं ठरलं. आमच्या मुख्याध्यापिकांनी वकिलांची, व्यापाऱ्यांची घरं निवडली. त्यात मी असण्याचं कारणच नव्हतं. मी लहानपणीच विधवा झालेली, मुलींच्या शाळेतली मास्तरीण, दोन खोल्यांत एकटी. लोक मान द्यायचे, रस्त्यात थांबून मुलीचा अभ्यास विचारायचे. पण माझ्या घरी आजवर कुणी पाटावर बसून जेवलं नव्हतं. पुरुषमाणूस येणार नाही हे उघडच होतं, आणि बायकांना माझ्या दारात आलं की हटकून घाई व्हायची. मला त्याचं वाईट वाटायचं. फार वाटायचं.

ऐनवेळी एका मारवाडी शेटजींकडे सुतक आलं आणि एक पाहुणी उरली. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "तुमच्याकडे ठेवता का? तुम्हाला अडचण कसली, घरात आहे कोण!" बोलणं लागलं, पण मी इतक्या घाईनं हो म्हटलं की त्याच चपापल्या.

पाहुणी चाळिशीची, सावळी, हसरी होती. इंग्रजी तिचं आणि माझं सारखंच तोडकं. पहिल्या दिवशी सगळ्यांचं जेवण शाळेत झालं. संध्याकाळी पटांगणात त्यांनी आपले नाच दाखवले, आमच्या मुलींनी फुगड्या घातल्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मात्र ज्याची पाहुणी त्याच्याच घरी जेवणार होती. माझ्या वाट्याला आलेलं जेवण तेवढं एकच.

त्या दिवशी माघी पौर्णिमा होती. सकाळी ती पांढरं लुगडं नेसून बाहेर आली. मला वाटलं, हिचंही माझ्यासारखंच, आणि खरं सांगते, मला बरं वाटलं. मग ती म्हणाली, आज माझा उपास, दुपारनंतर काही खायचं नाही. मी मान डोलावली. उपास काय मला कुणी शिकवायला हवा होता? दिवेलागणीला सोडायचा आणि सोडायला गोडधोड हवं. मी ठरवलं, पुरणाचे मांडे.

मांडे एकटीनं होत नाहीत. उंडा हातांवर झेलत कोपरापर्यंत पसरायचा तो एकीनं, आणि चुलीवर पालथ्या घातलेल्या खापराखाली जाळ सांभाळायचा दुसरीनं. शिवाय एकट्या पोटासाठी खापर चढवायची आमच्याकडे रीतच नाही. ते पाहुण्यांसाठी, जावयासाठी. माझं खापर आईच्या घरून आणलं तसं माळ्यावर पडून होतं. शेजारच्या अक्कांना जाळ घालायला बोलावलं. त्या जळणाला कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या मोडता मोडता म्हणाल्या, "एक पाहुनीसाठे खापर? कसाले एवढं करस वं माय?" मला हसू आवरत नव्हतं.

दिवे लागले. मी दोन पाट मांडले, पानांभोवती रांगोळी काढली, मांड्यांच्या घड्या वाढल्या, वर तूप सोडलं. पाहुणी आली, पान बघून हरखली, आणि हात जोडून भिंतीशी बसली. नाही म्हणाली.

मला वाटलं, धान्य चालत नसेल. मी धावत जाऊन भगर टाकली. नाही. शेंगदाणे? रताळं? दूध तरी? प्रत्येक वेळी तिनं तसंच हसून हात जोडले. अक्कांचा संयम संपला. "भगर बी खात नही? हाऊ कसाना उपास?" तेव्हा कुठं तिनं हातवारे करून समजावलं. व्रत उद्या उजाडेपर्यंत आहे. उजाडल्याशिवाय घास नाही.

आणि त्यांची गाडी तर झुंजूमुंजू होताना सुटणार होती. म्हणजे टांगा काळोखातच येणार. पाहुणी माझ्या घरून उपाशीच जाणार, हे तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं. मला रडूच आलं. तिनं माझी समजूत काढायला पेटीतून एक तसबीर काढून दाखवली. तिचा नवरा, तिची मुलं, दारात माड. पांढरं लुगडंही व्रताचंच होतं तर! मी तसबीर पुसून परत दिली. पाहुणी उपाशी असताना यजमानानं जेवायचं नसतं, म्हणून मीही पानाला हात लावला नाही.

पहाटे थोडे मांडे फडक्यात बांधून तिच्या हातात दिले. वाटलं, पुढे कुठल्या तरी स्टेशनावर भिकाऱ्याला देईल. फलाटावर थंडी मी म्हणत होती. इतर यजमान हार घेऊन आले होते. ती खिडकीशी बसली, गाठोडं मांडीवर ठेवून. गार्डानं शिट्टी फुंकली तरी ती आपली उजवा तळहात खिडकीबाहेर धरून बघत बसलेली. आता हिला भविष्य कुठं सुचतंय, असं माझ्या मनात आलं.

मग तिनं माझा हात ओढून घेतला, तळव्यावरची एक रेघ बोटानं दाखवली आणि पूर्वेकडे बघून हसली. हातावरची रेघ दिसली की उजाडलं. तिनं घाईघाईनं गाठ सोडली, एक मांडा मधून मोडला, अर्धा माझ्या हातात दिला आणि अर्ध्याचा घास घेतला. गाडी हलली. तिनं खूण केली, खा. विधवा मास्तरणीनं भर फलाटावर, मुख्याध्यापिकांच्या देखत, उभ्यानं खायचं म्हणजे शोभाच. मी खाल्लं. गाडी दिसेनाशी होईपर्यंत ती तिकडे खात होती, मी इकडे.

परतले तेव्हा अक्का दारातच उभ्या होत्या. "खादं का तिनी?"

"खाल्लं," मी म्हटलं.

घरात दोन्ही पाट रात्रीचे तसेच होते. एक उचलून भिंतीला लावायला गेले आणि हातात धरून उभी राहिले. इतकी वर्षं एका पाटावर जेवले, कधी काही वाटलं नव्हतं. मी तो पाट होता तिथं परत ठेवला आणि त्याच्यासमोर बसून उरलेले मांडे खाल्ले.