राकेलावर बंद केलेलं इंजन

तलावाच्या दोन्ही काठांवर व्यंकटी भोयाचा दबदबा होता तो एका हिसक्यासाठी. नावेचं इंजन जुनं. पण कडाक्याच्या थंडीतही चोक ओढून त्यानं दोरीला हिसका दिला की ते धडधडायला लागायचं. मग आवाजाकडं कान लावून तो चोक हळूहळू आत सारायचा, निजलेल्या लेकराच्या अंगावरची वाकळ काढावी तसा. इंजन तापलं की पेट्रोलची चावी बंद, राकेलची चालू. काठ जवळ आला की पुन्हा पेट्रोल. तसं न केलं तर कार्बोरेटरच्या वाटीत राकेल राहतं, आणि गार इंजन राकेलावर उठत नाही.

लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. दुष्काळानं तलाव आटून मधोमध आला होता, आणि पेट्रोल सहज मिळत नव्हतं. एका संध्याकाळी घोटभर पेट्रोल वाचेल म्हणून व्यंकटीनं इंजन राकेलावरच बंद केलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे चांगुणा आली, नेहमी त्याच्याच नावेनं जाणारी. तिची माय लातूरच्या दवाखान्यात होती. त्या दिवशी ऑपरेशन, आणि आत न्यायच्या आधी लेक दिसावी एवढंच मायचं म्हणणं. पलीकडच्या काठावर पहिली एसटी गाठायची होती.

"दादा, लागंल ना लवकर?"

"बस तर खरी आक्का. एका हिसक्यात न्हाई लागलं तर नाव बदल माझं."

त्यानं हिसका दिला. दुसरा दिला. तिसरा दिला.

"किती नावं ठिवू रं?" चांगुणा हसली. मग हसायची थांबली.

व्यंकटीच्या नाकात राकेलाचा वास शिरला आणि त्याला सगळं कळलं. वाटी खोलून सांडायची, पेट्रोल सोडायचं. बिडी ओढून होईस्तोवर काम झालं असतं. पण खोलली की वास तिलाही येणार, चूक काठभर होणार.

"थंडीनं धरलंय," तो म्हणाला, आणि दोरी ओढत राहिला.

शेवटी त्यानं वल्हं घेतलं. नाव पाण्याच्या मध्यावर असतानाच एसटीचे दिवे वळणाआड गेले.

चांगुणा पोचली तेव्हा मायला आत नेलं होतं. माय शुद्धीवर आलीच नाही.

दिवसकार्य उरकून ती परत नावेत बसली. "मनाला लावून घिऊ नको दादा. थंडीम्होरं कुणाचं काय चालतंय?"

हे त्याला सोसवेना. "थंडी नव्हती, आक्का," तो म्हणाला, आणि खाली बघत त्यानं सगळं सांगितलं.

"वाटी तवाच खोलली असती तर?"

"लागलं असतं."

नावेत तिची जागा पुढं असायची. त्या दिवशी उठून ती मागं, इंजनाजवळ येऊन बसली. काठ जवळ आला तसा व्यंकटीनं चावीकडं हात नेला. त्याच्या आधी तिचा हात तिथं होता. तिनं राकेल बंद केलं, पेट्रोल चालू केलं.

त्यानं आपला हात मागं घेतला. पुढं चांगुणा नावेत असली की ती चावी त्यानं कधी फिरवली नाही.