चांदीच्या रेघेची मासोळी

हे मी आजवर कोणालाच सांगितलं नाही. ताईनं गिळलेली मासोळी मेलेली होती.

ताईला दमा होता. कामठीपलीकडच्या एका गावात वैद्य जिवंत मासोळीच्या तोंडात औषध भरून ती गिळायला देतो, हे मीच कुठूनतरी ऐकून आलो. तिच्या मुलीचा, माझ्या भाचीचा, याला सक्त विरोध. म्हणून तिला न सांगता आम्ही गेलो. मासोळी ज्याची त्यानं आणायची. कन्हान नदीच्या घाटावर मासे धरणाऱ्या एका ढिवरानं डब्यात बोटभर मासोळ्या दिल्या, कुशीला चांदीची रेघ असलेल्या. म्हणाला, "हात नको लावू भाऊ. नव्या नवरीवानी आहे हे, लगेच रुसते."

रांग लांब. ऊन चढलं. पाळी आली तेव्हा डब्यात सगळ्या उताण्या तरंगत होत्या. "जिवंतच पाहिजे," वैद्याचा माणूस ओरडत होता. ताई धापा टाकत उभी. तिला परत फिरवायची हिंमत माझ्यात नव्हती. मी एक मुठीत धरली, नुसतं तोंड बाहेर ठेवलं. वैद्यानं गर्दीत न पाहताच औषध दाबलं. ताईनं डोळे मिटून गिळली.

"फडफडली गा गळ्यात!" ती हसली. "मांजरीवानी गिळली का नाही?"

माझ्या बोटांना खवले चिकटले होते.

परतताना पुलावर तिनं पर्समधून दम्याचा पंप काढला. "फेक हा आता. पोरीले नको सांगू, ठणठणीत झाली का मीच सांगीन."

मी फेकला.

महिनाही झाला नसेल. सकाळी भाचीचा फोन. "मामा, आईले दम लागला, पंप सापडून नाही राहिला!"

मी म्हणालो, "नीट पाह. तिथंच असन."

खरं बोललो असतो तर ती शोधत बसली नसती, आईला घेऊन तेव्हाच निघाली असती. धंतोलीच्या दवाखान्यात पोचेपर्यंत ताई गेली होती.

भाची अजून म्हणते, "आई हातानं नाही-नाही करून राहिली होती, अन् मी कपाट उपसून राहिली होती. आदल्या दिवशी मीच तं आवरलं होतं मामा." मी मान हलवतो, तिनं केलेला चहा पितो.

पंप तिनं हरवला नाही. मी फेकला होता, आणि फोनवर बोलताना मला ते ठाऊक होतं. एवढं तिच्यासमोर बसून सांगणं माझ्याकडे बाकी आहे.