टावरचं कुलदैवत

देवाने माणसाला डोकं कशासाठी दिलं, यावर शहाण्यासुरत्यांनी बराच विचार केला असेल. पण ते देवळाच्या चौकटीवर आपटण्यासाठीच दिलं आहे, हे खटाव तालुक्यात पुराव्यानिशी सिद्ध करणारा एकच मनुष्य मी पाहिला, आणि तो माझा भाडेकरू होता. हॉलंडचा. वय चोवीस, उंची सहा फूट आठ इंच. ही उंची मी फुगवून सांगत नाही. एरवी माझ्या बोलण्यातलं निम्मं वजा करायची आमच्या घरात पद्धत आहे आणि ती वजाबाकी आमची ही पाहुण्यांच्या देखतच करते. पण याला तिने स्वतः स्टुलावर चढून टेप लावला होता, कारण तिला त्याच्या पांघरुणाचा घोर लागला होता. शेवटी दोन गोधड्या लांबीत जोडल्या, तेव्हा त्याची पावलं झाकली गेली. वडूजच्या बाजारात तो उभा राहिला की लोणंदला गाडी आली का, ते त्यालाच विचारावं असं वाटे. एस.टी.त तो बसत नसे. त्याची घडी घालून ठेवावी लागे. आळीतल्या बायका शेवग्याच्या शेंगा काढायला आकडीची काठी शोधायच्या, त्या याला हाक मारू लागल्या. गावाने पहिल्याच आठवड्यात त्याचं नाव ‘टावर’ ठेवलं. खरं नाव निराळं होतं, पण त्यात मधोमध घसा खाकरल्यासारखं एक अक्षर होतं. त्याने नाव सांगितलं की समोरचा माणूस लगबगीने तांब्याभर पाणी आणून द्यायचा.

कुठल्याशा संस्थेतर्फे तो आमच्याकडे विहिरींचं पाणी मोजायला आला होता. त्यांच्या देशात म्हणे समुद्राला बांध घालून बाहेर थोपवून धरतात. आमच्याकडे प्यायचं पाणी टँकरने येतं. हे ऐकून चहाच्या टपरीवरचा एक जण त्याला म्हणाला, “मग थोडा समुद्र हिकडं सोडा की. काय अडचन हाय?” यावर त्याने पाच मिनिटं विचार केला आणि वाटेत सह्याद्री लागतो, असं अत्यंत दिलगिरीने सांगितलं. हाच त्याचा मूळ रोग. कोण काय म्हणेल ते तो खरं मानायचा. अशा माणसाला मी भेटावं हा त्याचा दैवयोग आणि माझी चैन.

आमच्या भागात परका माणूस दिसला की तीन प्रश्न ठरलेले असतात. गाव कुठलं, पाव्हणे कोण, आणि देव कुठला? या तीन उत्तरांवरून तुमच्या सात पिढ्या उलगडल्या जातात. टावरला पहिल्याच दिवशी टपरीवर हे तिन्ही प्रश्न विचारले गेले. गाव त्याने सांगितलं, त्याबरोबर पाणी आलं. “पाव्हणं कोण?” यावर तो म्हणाला, “पाव्हणा मीच.” हेही खपलं. “आन् देव कुठला?”

“देव नाही,” तो म्हणाला.

टपरीवरचा स्टोव्हसुद्धा क्षणभर बंद पडला.

“न्हाई म्हंजे? हरवला व्हय?”

“लय पानी हाय म्हनं त्यांच्यात. व्हावून गेला आसंल.”

दुसरा कोणी हसून मोकळा झाला असता. हा थेट माझ्याकडे आला आणि म्हणाला, “गुरुजी, माझा देव हरवला हाय. कृपया आपण शोध घेऊ.” त्याचं मराठी असं होतं. निम्मं मी शिकवलेलं, म्हणजे छापील. आणि निम्मं विहिरींवरच्या मेंढपाळांकडून उचललेलं. त्यामुळे गर्दीत तो “आपण किंचित सरकता का रं गड्या?” असं म्हणायचा आणि जेवणाच्या वेळी स्वयंपाकघरात डोकावून, “आवं काकू, मी अत्यंत उपाशी हाय!” एवढ्यावर आमची ही त्याला दोन भाकरी जास्त वाढायची. मी आयुष्यभर शुद्ध मराठी बोलत आलो. मला कधी चतकोरही जास्त मिळाली नाही.

शोध सुरू झाला तो उपासांपासून. कोणता देव आपला निघेल याचा भरवसा नाही, तेव्हा आत्तापासून कोणालाच नाराज करायला नको, हा त्याचा हिशेब. सोमवार महादेवाचा, मंगळवार देवीचा, गुरुवार दत्ताचा, शुक्रवार पुन्हा देवीचा, शनिवार मारुतीचा, रविवार खंडोबाचा. सहाही दिवस उपास! साबुदाण्याची खिचडी, वरीचे तांदूळ, शेंगदाण्याची आमटी आणि रताळ्याचा कीस यांच्यावर महिनाभर कडकडीत उपास करून हा गृहस्थ पाच किलो वाढला. “बुधवारी काय?” म्हणून मी विचारलं. “बुधवारी विश्रांती, गुरुजी. बुधवारी भुर्जी.”

मग देवळं. आमच्याकडची जुनी देवळं बांधणाऱ्यांनी हॉलंडचा माणूस दर्शनाला येईल हे धरलेलं नव्हतं. पहिल्या दिवशी मारुतीच्या गाभाऱ्याच्या चौकटीवर त्याचं डोकं असं आपटलं की वरची घंटा आपोआप वाजली. पुजारी गहिवरला. “गुरुजी, इतक्या वर्सांत आसा नमस्कार बघितला न्हाई.” दुसऱ्या दिवशी महादेव, तिसऱ्या दिवशी औंधच्या डोंगरावर यमाई. दवाखान्यातला कंपाउंडर कापूस आणि औषध घेऊन तयारच बसायचा: “आज कुठला द्येव?” पुढे पुढे त्याला विचारावंही लागेना. उजव्या भुवईवर मारुती, मधोमध महादेव, डावीकडे केसांत यमाई, मागच्या बाजूला निघताना लागलेला दत्त. त्या डोक्यावर बोट ठेवून मी शाळेत तालुक्याचा नकाशा शिकवू शकलो असतो. शेजारचे वेल्डिंगवाले चाचा एकदा हसत म्हणाले, “आमच्या दर्ग्याचं दार बी बुटकंच हाय, बाळ. आमी काय परकं हाय व्हय?” तेव्हा शुक्रवारी तो तिथेही जाऊन आपटून आला. चाचांनी स्वतः बर्फ लावला.

खरं आपटणं मात्र आमच्याच घरी व्हायचं. वरच्या खोलीची चौकट मी माझ्या मापाने करून घेतली होती, आणि माझं माप पाच फूट दोन इंच. सकाळ-संध्याकाळ वरून ‘धाड’ असा आवाज आला की आमची ही खाली डोळे मिटून “गं बाई” म्हणायची. चौथ्या दिवशी तिने जुन्या गोधडीचा पट्टा कापला, आत कापूस भरला आणि मला स्टुलावर चढवून तो चौकटीच्या वरच्या पट्टीवर खिळ्यांनी ठोकून घेतला. तेव्हापासून ‘धाड’ऐवजी ‘धप्’ असा मायेचा आवाज येऊ लागला.

असे सहा महिने मजेत गेले. देव काही सापडेना, पण त्याचीही काही घाई नव्हती. मग एका मंगळवारी दुपारी त्याच्या घरून फोन आला. बोलून झाल्यावर तो जिन्यात बसून राहिला. पहिल्यांदाच मला तो बुटका वाटला. वडिलांच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं होतं, सोमवारी. विमानाचं तिकीट मिळालं ते शनिवारचं.

“काकू,” त्याने विचारलं, “नवस कसा बोलायचा असतो?”

“आपल्या कुलदैवताला हात जोडायचे,” ही म्हणाली, “काय पाहिजे ते सांगायचं, आणि त्याच्यासाठी काय करणार ते सांगायचं.”

“आणि कुलदैवत नसंल तर?”

ही उठली. आत जाऊन चहा टाकून आली आणि म्हणाली, “आमचा पालीचा खंडोबा आहे. त्याला सांग.”

“तो तुमचा हाय, काकू. तुमचं बघतो. माझ्या बाबांसाठी तिकडं लांब गेला आणि इकडं गुरुजींना काही झालं तर?”

हिने माझ्याकडे एकवार पाहिलं. तेवढी जोखीम घ्यायला तिची तयारी असावी, असं मला वाटून गेलं.

“तुझे वडील देव मानतात का?” मी विचारलं.

“नाही. बाबा म्हणतात, आकाशात फक्त ढग असतात. म्हणून तर मला दोघांच्या वाटचं बोलायला लागंल.”

शनिवारच्या आत टावरला देव मिळवून द्यायचा, हे गावाने मनावर घेतलं. टपरीवर बैठक भरली. एवढी चुरस मी पंचायतीच्या निवडणुकीतही पाहिली नाही. जो तो आपापला देव पुढे करू लागला. “खरसुंडीचा सिद्धनाथ घ्या. लय कडक द्येव!” त्यावर दुसरा, “कडक कशाला? बापाचं काळीज नाजूक हाय त्याच्या. जरा मऊ द्येव बघा की!” तिसऱ्याने आपली देवी सुचवली, तर चौथा म्हणाला, “तिला कोंबडं लागतंय. त्यो हॉलंडातनं कोंबडं आननार हाय व्हय?” शेवटी भैरोबाला कौल लावायचं ठरलं. म्हणजे मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर फुलाची एकेक पाकळी पाण्याने चिकटवायची. उजवीकडची आधी पडली तर होय, डावीकडची पडली तर नाही. गुरवाने पाकळ्या लावून गाऱ्हाणं घातलं, “बाबा, ह्या लेकराला पदरात घेतोस का?” सगळे श्वास रोखून उभे राहिले. एक टावर सोडून. आत शिरताना भैरोबाने त्याला उजव्या कानशिलावर प्रसाद दिलाच होता. आता नीट दिसावं म्हणून तो पुढे वाकला आणि त्याच्या त्या लांबलचक फुफ्फुसातून जो उसासा सुटला, त्याने दोन्ही पाकळ्या एकदम उडाल्या.

“द्येवाला बी ठरवंना,” गुरव म्हणाला.

शुक्रवार उजाडला. टावरला शेवटच्या एका विहिरीचं माप घ्यायचं होतं. मी त्याला स्कूटरवर मागे घेतलं. मागे म्हणजे नुसतं नावाला, त्याचे गुडघे माझ्या कानांशी होते. विहिरीवर नेहमीची मेंढरांची म्हातारी होती. तिचा कळप आटपाडीकडचा, दरवर्षी या दिवसांत इकडे चारणीला यायचा. टावरशी तिचं ठरलेलं भांडण होतं. हा मोजपट्टी आत सोडून सोडून पाणी आटवतो, अशी तिची पक्की समजूत.

“काय रं लांबड्या, वाडलं का पानी?”

“नाही, आज्जी. चार बोटं कमी हाय.”

“मोज आजून! आन् त्वांड का आसं उतरलंय?”

त्याने सगळं सांगितलं. बाप, सोमवार, कौल, उडालेल्या पाकळ्या. म्हातारीने त्याला खाली बसवलं आणि त्याच्या कपाळावरून हात फिरवत एकेक टेंगूळ चाचपलं.

“ह्यो कोन?”

“मारुती.”

“ह्यो?”

“महादेव. आणि हा कालचा, भैरोबा.”

“समद्यांनी हानलं की रं तुला! न मारनारा एक बी न्हाई गावला?” तिने काठीने बांधाकडे दाखवलं. तिथे एका बाभळीखाली शेंदूर फासलेला, भंडाऱ्याने पिवळा झालेला एक धोंडा होता. “जा. त्यो आमचा बिरोबा. त्येला दार न्हाई.”

“का नाही?”

“आमी बारा म्हयनं फिरतीवर. दार कुटं लावायचं?”

टावर बाभळीखाली जाऊन उभा राहिला. वर चौकट नाही, छप्पर नाही. बाभळसुद्धा अंग आखडून बाजूला झाली होती, हे बायकोने वजा केलं तरी मी सोडणार नाही. सहा महिन्यांत देवापुढे ताठ उभं राहायला मिळालेली ती पहिली जागा. तो बराच वेळ तसाच उभा होता. मग कोणी सांगितलं नाही, कशाला आपटला नाही. आपण होऊन कमरेत वाकला, मग गुडघ्यांत, आणि घडी घातल्यासारखा खाली जाऊन त्याने डोकं त्या धोंड्याला टेकवलं. इतक्या हळू, की आवाजच आला नाही. आणि तो आपल्या भाषेत बोलू लागला. ती घसा खाकरल्यासारखी अक्षरं एकामागून एक येत राहिली. म्हातारीच्या कमरेला पाण्याची बाटली होती. पण तिने ती पुढे केली नाही.

तो उठल्यावर तिने त्याच्या सगळ्या टेंगळांवरून भंडारा ओढला. “काय बोललास?”

“बाबा बरे झाले तर त्यांना इथं घेऊन येईन.”

“उंच हाय का बाप बी?”

“माझ्यापेक्षा दोन इंच.”

“मग दार न्हाई त्येच बरं झालं,” म्हातारी म्हणाली आणि मेंढरं वळवायला निघून गेली.

शनिवारी तो गेला. ऑपरेशन नीट पार पडलं. मंगळवारी त्याचा फोन आला तेव्हा चहाच्या टपरीवर, बिरोबाला लवकर ओळखलं नाही म्हणून सगळे एकमेकांना बोल लावत होते. वडील आता घरातल्या घरात फिरतात, दारापर्यंत जातात, कधी कधी ढगांकडे बघत बसतात. लांबच्या प्रवासाला डॉक्टर अजून नको म्हणतात. दर फोनला टावर आधी विहिरीची पातळी विचारतो आणि मग, “पुढल्या वर्षी नक्की, गुरुजी,” म्हणतो. हे त्याचं तिसरं पुढलं वर्ष. मेंढरं येतात तेव्हा म्हातारी बांधावरूनच मला ओरडून विचारते, “आला का गं बाई माजा लांबडा?” आणि मी गं बाई नसूनही नुसती मान हलवतो.

वरच्या खोलीत आता बँकेतला एक बेताच्या उंचीचा मुलगा राहतो. चौकटीवरचं हे फडकं काढू का, असं त्याने परवा विचारलं. मी होय म्हणणार होतो. “हात लावायचा नाही,” ही स्वयंपाकघरातून म्हणाली. दुपारी बघतो तर ही स्वतःच स्टुलावर चढलेली, हातात सुई-दोरा, आणि जुन्या पट्ट्यावर कापसाचा आणखी एक थर टाचत होती.

“हे काय?” मी विचारलं.

“बाप दोन इंच जास्त आहे ना,” ती म्हणाली. “त्याला जोरात लागेल.”