नववं बटण

टॅब शाळेत आला त्या दिवशी मी अशी नाचत होते की माझी मलाच लाज वाटावी. मी फिरती विशेष शिक्षिका. आठवड्यातून दोनदा परभणीहून ताडकळसची बस धरायची आणि पुढच्या एका गावातल्या शाळेत जायचं. तिथं चौथीत एक पोरगी होती. तिला ऐकू सगळं यायचं, पण तोंडातून शब्द निघत नसे आणि हातही मनासारखे वळत नसत. तिच्या वडिलांनी आधीच सांगून ठेवलं होतं, "दिवाळीपस्तोर बघतो. न्हाईतर दाखला काढतो." आणि आता हा टॅब! चित्रावर बोट टेकवलं की आवाज येणार, म्हणजे पोरगी बोलणार! मी तर त्याच दिवशी पेढे वाटून मोकळी झाले.

आठ बटणं मी स्वतः केली, माझ्याच आवाजात. 'मला पाणी हवे आहे', 'मला भूक लागली आहे', 'मला शाळा आवडते', असली. पोरीनं सगळी ऐकली आणि टॅब कोपरानं ढकलून दिला. पुन्हा समोर ठेवला, पुन्हा ढकलला. तीन आठवडे हेच! दिवाळी तोंडावर आली आणि माझं टाळकं सरकलं. म्हटलं, "अगं बये, एवढं पुढ्यात आणून ठेवलंय, अन् तू नखरे करायलीस?"

तिच्या शेजारी बसणारी मैत्रीण फिस्सकन हसली. हिचा आवाज वर्गातून थेट बसथांब्यापर्यंत जातो. म्हणाली, "म्याडम, ती ढकलायलीय म्हंजे न्हाई म्हणायलीय. तुमी न्हाईचं बटण कुटं केलंय?"

मी आठही बटणं पाहिली. मागणं होतं, कौतुक होतं, आभारसुद्धा होते. नकार कुठंच नव्हता! इतकी वर्षं नोकरी केली, पण ही साधी गोष्ट माझ्या डोक्यात शिरली नव्हती. लगेच टॅब त्या मैत्रिणीच्या तोंडापुढं धरला. तिनं छाती भरून श्वास घेतला आणि ठणकावलं, "न्हाई म्हंजे न्हाई!"

नववं बटण पोरीनं दाबलं आणि तिचे डोळे हे एवढाले झाले. मग काय विचारता! पाढे म्हणायचे? न्हाई म्हंजे न्हाई! गणित? न्हाई म्हंजे न्हाई! पोरं हसून लोळायला लागली, आणि त्यात माझा नंबर पहिला.

पुढच्या बाजाराच्या दिवशी तिचे वडील आले, हातात दाखल्याचा अर्ज घेऊन. माणूस वाईट नव्हता. रोज पोरीला मोटारसायकलवर पुढ्यात बसवून तेच आणायचे. "म्याडम, हिला काय कळायलंय? नुसती बसून ऱ्हाती. घरी आईच्या नजरंपुढं तरी ऱ्हाईल." मी रागानं लाल झाले, बोलायला तोंड उघडलं, तोवर त्यांनी पोरीला उचलायला हात पुढं केले. "चल, घरी जाऊ."

"न्हाई म्हंजे न्हाई!"

ते मैत्रिणीवर खेकसले, "तू गप गं!" तिनं घाबरून दोन्ही हात तोंडावर दाबले. तरी आवाज आला. "न्हाई म्हंजे न्हाई!"

तेव्हा त्यांना लेकीचं वाकडं बोट दिसलं, टॅबवर टेकलेलं. ते मटकन खालीच बसले.

"काय म्हणलीस? घरी न्हाई यायचं?"

"न्हाई म्हंजे न्हाई!"

"मामाकडं जातीस?"

"न्हाई म्हंजे न्हाई!"

"आगं, जिलेबी आणू का बाजारातून?"

बोट वर आलं, तसंच थांबलं. टॅब गप्प. वर्गात एकच हशा! ते हसत होते आणि उपरण्यानं डोळेही पुसत होते. "म्याडम, उलटं बोलायलीय की ही बापाला!" अख्ख्या गावाला ऐकू जाईल अशा अभिमानानं म्हणाले. मीही पदरानं डोळे टिपले, सांगायला कसली लाज.

मग आवाज उतरवून त्यांनी विचारलं, "उद्या साळंत आणू का?"

आणि थांबले. नऊ वर्षांत पहिल्यांदा ते तिच्या उत्तरासाठी थांबले होते. तिनं त्यांच्याकडं पाहिलं, बटणाकडं पाहिलं आणि हात हळूच मांडीवर घेतला.

"आणतो मग," ते म्हणाले, आणि अर्जाची घडी खिशात घालून जिलेबी आणायला निघाले.