वाजत्या कानांचे सुभेदार

निवृत्त नायब सुभेदार तुळशीराम खंदारे साहेबांची आणि माझी पहिली भेट माजी सैनिकांच्या एका दवाखान्यात झाली. मी नुकताच तपासून बाहेर आलो होतो. डॉक्टरांनी मान वर न करताच सांगितलं होतं, वय झालं की असं व्हायचंच, लक्ष देऊ नका. पायदळातून हवालदार म्हणून घरी आलो तेव्हा माझी चाळिशीही नीट उलटली नव्हती. बाकावर डोकं धरून बसलो, तर शेजारचे गृहस्थ म्हणाले, "कोन्या कानात वाजायलंय?"

मी म्हणालो, दोन्ही. त्यांचा डावा वाजत होता. तोवर मला असं कुणी विचारलंच नव्हतं. ताडकळसला घरी सगळे उपाय करून झाले होते. कानात लसणाचं तेल ओतलं, एका वैदूनं कान कोरून रक्त काढलं, आईनं पोखर्णीच्या नरसिंहाला नवस बोलला. थोरला भाऊ म्हणायचा, मिलिटरीची दारू डोक्यात गेली आहे, दुसरं काही नाही.

साहेबांनी चहा पिता पिता सांगितलं ते कडू होतं. तोफा-बंदुकांनी कानाचा आतला भाग दुखावला की हा आवाज सुरू होतो, आणि तो मुळासकट घालवणारी गोळी अजून निघालेली नाही. अशी गोळी विकणारा चोर समजावा. मात्र हातपाय गाळायचं कारण नाही. आधी बंद खोलीत हेडफोन लावून ऐकण्याची तपासणी करायची. कानातला मळ, रक्तदाब, चालू औषधं हे कानाच्या डॉक्टरांना दाखवायचं. ऐकू कमी येत असेल तर न लाजता मशीन लावायचं, कारण बाहेरचं नीट ऐकू आलं की आतला आवाज बऱ्याचदा मागे पडतो. ठार शांततेत बसायचं नाही, झोपताना पंखा नाहीतर रेडिओ बारीक चालू ठेवायचा. आणि आवाजाचा धसका घेतलेलं मन समुपदेशकाकडे न्यायचं, त्यात कमीपणा नाही. मी बिचकत सांगितलं की मी मेंढवाड्यात जाऊन झोपतो, मेंढ्यांच्या रवंथानं बरं वाटतं आणि घरचे हसतात. साहेब हसले नाहीत. शहरातले लोक असल्या बारीक आवाजाचं यंत्र विकत आणतात, तुमच्या घरी ते जितं आहे, असं म्हणाले.

झरीच्या बुद्धविहाराला लागून एक खोली आहे. तिथं दर रविवारी साहेब बसतात आणि परभणी जिल्हाभरातले वाजत्या कानांचे माजी सैनिक येतात. नव्या माणसाला ते आधी एकच विचारतात, फौजेतून सुटताना डॉक्टरला काय सांगितलंत? उत्तर ठरलेलं असतं: सब ठीक है साहब. नोकरीत असताना खरं सांगितलं तर बढती अडेल, सुटताना सांगितलं तर घरी जायला उशीर होईल, म्हणून आम्ही सगळे खोटं बोललो. साहेबही बोलले. त्यांच्या काळी तोफेजवळ कानात कापूस घालणाऱ्याला बायल्या म्हणत. आता सरकारदरबारी आमचे कान ठणठणीत आहेत आणि भरपाई मागायला गेलं की आमचंच खोटं आमच्यापुढे ठेवतात. साहेब हे कुणावर ढकलत नाहीत. रजेवर आलेल्या प्रत्येक जवानाला मात्र बजावतात, गोळीबाराला कानात बुचं घाल आणि डॉक्टरपुढं तोंड उघड.

कान वाजायला लागले की माणसाला जातपात आठवत नसेल, असा माझा समज होता. आठवते. काही मंडळी विहाराची पायरी चढायला तयार नव्हती. त्यांचा निरोप यायचा, साहेबांनी एसटी स्टँडवर यावं. साहेब जात. मी चिडलो तर म्हणाले की कान बघायचाय, माणूस नंतर बघू. मला हा मोठेपणा आजही पचलेला नाही. साहेबांच्या पंच्याहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथात लेख देणाऱ्यांत ती मंडळीही आहेत, म्हणून इथं लिहून ठेवतो.

माझ्यावर त्यांचे उपकार आहेत, आणि ते एका जेवणाचे आहेत. माझ्या रागाला कंटाळून बायको लेकरांसह माहेरी निघाली होती. बाजारच्या दिवशी साहेब मोटारसायकलवरून ताडकळसला आले. भाऊ, वडील, बायको सगळे असताना जेवायला बसले आणि मोबाइलवर एक बारीक, चिरका, न थांबणारा आवाज लावून ताटाशेजारी ठेवला. जेवण होईस्तोवर बंद करायचा नाही, एवढंच म्हणाले. अर्धी भाकरी झाली नसेल, भाऊ ताटावरून उठला आणि म्हणाला, "बंद करा हो ते. डोस्कं उठायलंय."

"तुमचं बंद हुतंय," साहेब म्हणाले. "ह्याचं न्हाई हुत. ह्यानं उठून कुटं जावं?"

बायकोनं बांधलेलं गाठोडं सोडलं. माझे कान आजही वाजतात, पण माझं घर मोडलं नाही.

साहेबांचं मागणं कित्येक वर्षांपासून एकच आहे. कान तपासणारा आणि मशीन बसवून शिकवणारा एक कायमचा तज्ज्ञ परभणीत माजी सैनिकांसाठी असावा. आज त्यासाठी छत्रपती संभाजीनगरची एसटी धरावी लागते. म्हातारे एकदा जातात, मशीन आणतात, ते कर्कश वाजलं की पेटीत ठेवून देतात. ते सुधारून घ्यायला साहेब या वयात त्यांच्याबरोबर एसटीनं जातात. प्रत्येक झेंडावंदनाला साहेबांना शाल मिळते, पाहुणे तज्ज्ञाचं आश्वासन देतात, टाळ्या पडतात, आणि एवढं करून त्यांची खुर्ची मांडलेली असते ती कर्ण्याच्या तोंडाशी. पाहुणे बदलले, आश्वासन तेच आहे. आमची गौरव समितीही काही निराळी नाही. ग्रंथ निघतोय, तज्ज्ञाचं काय, असं मी बैठकीत विचारलं तर मला गोड लिहा असं सांगण्यात आलं.

लेखाचा शेवट शुभेच्छांनी करायचा असतो, म्हणून मागच्या रविवारी मी साहेबांना विचारलं, शतायुषी व्हा असं लिहू का? खोलीत आम्ही दोघंच होतो. ते डावा कान चोळू लागले.

"नका लिहू," म्हणाले. "पंच्याहत्तर झाले. अजून पंचवीस वर्सं म्या हे ऐकत बसू का? थकलोय, हवालदार."

इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून स्वतःबद्दलची ही पहिली तक्रार मी ऐकली. तेवढ्यात बाहेर चपला वाजल्या. पूर्णेकडून एक नवा माणूस आला होता, दोन्ही हातांनी डोकं धरलेलं. साहेबांनी कानावरचा हात काढला, त्याला खुर्ची दिली आणि विचारलं, कोन्या कानात वाजायलंय?

त्यांचं ऐकून हा लेख इथंच थांबवायला हवा. पण मी थांबवत नाही. खंदारे साहेबांना उत्तम आरोग्य लाभो आणि त्यांनी शंभर वर्षं जगावं, कारण त्या खुर्चीवर बसायला आम्ही दुसरं कुणी तयार केलेलं नाही. हे मागणं त्यांच्या सुखाचं नाही, आमच्या गरजेचं आहे. ते त्यांना कळतं, आणि तरीही पुढच्या रविवारी ते येऊन बसतील.