झाकणावरचा ठिपका

फोनवरची खुळं किती टिकतात, हे शेडताईला कोणी सांगायला नको होतं. आज सगळे एकच नाच नाचतात, उद्या सगळे बरणीत काहीतरी आंबवत बसतात, आणि परवा विचारलं तर "ते होय? ते कधीच मागे पडलं" म्हणून नाक मुरडतात. म्हणून दगड रंगवायचं खूळ आलं तेव्हा ती फणकारली, "कामं नाहीत लोकांना!"

खूळ साधं होतं. एक दगड घ्यायचा, रंगवायचा आणि रस्त्यात कुठेतरी लपवायचा. ज्याला सापडेल त्याने फोटो टाकायचा, दगड हवा तर दोन दिवस घरी ठेवायचा आणि मग दुसरीकडे लपवायचा. ना बक्षीस, ना नंबर.

शेडताई रंगाच्या दुकानात कामाला. गिऱ्हाईक घरातून उशीचा अभ्रा घेऊन येई, "भिंत अश्शी हवी" म्हणे, आणि ती मशीनमधून थेंब थेंब सोडून तीच छटा डब्यात उतरवी. डबा बंद केला की आतल्या रंगाचं एक बोट झाकणावर टेकवायचं. न उघडता कळतं आत काय आहे ते. इतकी वर्षं हेच केल्यावर तिला शेडताई नाही तर काय म्हणणार?

घरी नवरा. जन्मभर बस चालवलेला माणूस, सगळे त्याला ड्रायव्हर म्हणूनच ओळखत. अर्धांगाचा झटका आला आणि उजवा पाय ओढायला लागला. डॉक्टरांनी बजावलं, रोज चाला, नाहीतर पाय आखडेल तो कायमचा. ड्रायव्हर म्हणाला, "ज्या रस्त्यावरून बस नेली, त्याच रस्त्यावरून आता पाय फरफटत नेऊ? लोक बघतील." आणि खिडकीपाशी खुर्ची ओढून बसला तो बसलाच. शेडताईने समजावलं, रडली, भांडली. भांडणात ती कोणाला हार जायची नाही, पण खुर्चीत बसलेल्या माणसाशी किती भांडणार?

मग एकदा लेक कामावरून येताना एक दगड घेऊन आली. हिरवा, वर दोन डोळे काढलेला. बेडूक म्हणायचा, झालं. ड्रायव्हरने तो चांगल्या हातात घेतला आणि संध्याकाळभर फिरवत बसला.

"कुठे मिळाला गं?"

"बँकेच्या पायरीवर, बाबा."

"पायरीवर म्हणजे? चढताना डाव्या हाताला की उजव्या? तिथे कुंडी आहे."

"कुंडीच्या मागेच."

"मग परत लपवायला तिथे नको. चौकीच्या कट्ट्याला एक फट आहे. आत बसेल बरोबर."

"मग लपवून या की तुम्हीच!" शेडताई स्वयंपाकघरातून ओरडली. उपरोधाने ओरडली होती. पण दुसऱ्या दिवशी ती दुकानातून आली तर खुर्ची रिकामी आणि दारातली चप्पल नाही. ड्रायव्हर घामाघूम होऊन परत आला आणि तांब्याभर पाणी प्यायला.

त्याच संध्याकाळी तिने लेकीला समोर बसवलं. "तो ग्रुप का काय असतो, तो काढून दे. आपल्या भागाचा. दगडांचा."

"आई, तूच म्हणालीस ना, लोकांना कामं नाहीत?"

"आता मला काम मिळालंय. काढ."

ग्रुप निघाला आणि बघता बघता फोफावला. शिंपी आला, शाळेतल्या बाई आल्या, पोस्टातला कारकून आला, कोणाकोणाच्या सासवा आल्या. दुकानात तळाशी उरलेला रंग शेडताई मालकाला विचारून छोट्या बाटल्यांत भरी आणि मागेल त्याला देई. आणि नियम? ते तिचे. कोणाच्या बागेतला दगड उचलायचा नाही. नाल्याजवळ लपवायचा नाही. जागा पूर्ण सांगायची नाही. मोडणाऱ्याला ती चारचौघांत अशी सोलून काढी की बाकीचे चार दिवस शुभेच्छा टाकायलाही घाबरत.

ड्रायव्हर मात्र खुलला. दगड सापडला की फोटो टाके आणि वर आपल्या आवाजात बोलून पाठवी: "पुढचा थांबा, शाळेचं फाटक. उतरणाऱ्यांनी खाली बघून उतरावं." लोक त्या आवाजाची वाट बघत. पाय ओढतच होता, पण ओढत ओढत भाजी बाजार ओलांडून जाऊ लागला होता.

कोपऱ्यावरच्या औषधवाल्याशी वाजलं ते याच दिवसांत. त्याने सुंदर निळा दगड रंगवला आणि खाली दुकानाचं नाव आणि फोन नंबर लिहिला. शेडताईचं डोकं सणकलं.

"हा दगड आहे, पाटी नाही!"

"एकच तर आहे हो, ताई."

"आज तुम्ही, उद्या केस कापणारा, परवा पुढारी. रस्त्यावर आधीच फलक कमी लागलेत का?"

"तुम्ही स्वतः दुकानातलीच आहात की."

"म्हणून तर कळतं मला दुकानदार कसा शिरतो ते!"

आणि तिने सगळ्यांदेखत त्याला ग्रुपमधून काढलं. चूक होती असं तिला वाटलं नाही. नियम म्हणजे नियम. फक्त त्यानंतर औषधं आणायला ती लेकीला पाठवू लागली.

पुढे व्हायचं ते झालं. लोक आता कुठल्याशा दोरीवरच्या उड्या मारत होते. ग्रुपवर फुलांची चित्रं आणि सुप्रभात येऊ लागलं, मग तेही थांबलं. ड्रायव्हर रिकाम्या हाताने परत आला. पुन्हा रिकाम्या हाताने आला. मग एका सकाळी त्याने चपलेकडे बघितलं आणि खुर्ची खिडकीकडे वळवली.

शेडताई ते बघून तशीच दुकानात गेली.

जेवणाच्या सुट्टीत तिने दुकानामागच्या खडीतून दगड वेचला. घाईघाईने मासा काढला, मुद्दाम वाकडा, कोणा पोराने काढल्यासारखा. दुसऱ्यावर वेलबुट्टी, एखाद्या हौशी बाईची वाटेल अशी. अक्षरं डाव्या हाताने. कामावर जाताना एक इथे, एक तिथे. घरी आल्यावर सहज म्हणाल्यासारखं, "अहो, टाकीजवळ काहीतरी चमकत होतं बुवा, मला थांबायला वेळ नव्हता." ड्रायव्हर उठला. दगड घेऊन आला. फोटो टाकला, थांबा पुकारला. ग्रुपवर एखाददुसरा अंगठा वर झाला, बाकी सामसूम.

तेव्हापासून ती लपवत राहिली आणि तो शोधत राहिला. पावसाळा गेला, थंडी गेली. शेडताईला स्वतःच्या हुशारीचा अभिमानच वाटायचा, खोटं कशाला सांगा.

मग दुकानात कोणीतरी थिनर सांडला, तिचा पाय घसरला आणि घोट्याचं हाड मोडलं. पायाला प्लास्टर, पलंगावरून हलायचं नाही. दुखणं परवडलं, पण सकाळी ड्रायव्हरने चप्पल पायात सरकवली तेव्हा तिच्या जिवाची उलघाल झाली. रस्त्यावर एकही दगड नव्हता. तिला माहीत होतं, कारण लपवणारी तीच.

"आज नका जाऊ. ऊन आहे."

"रोज असतं."

"मला पाणी कोण देईल?"

"तांब्या भरून ठेवलाय उशाशी." आणि तो गेला.

ती दाराकडे डोळे लावून पडून राहिली. आज रिकामा येईल, उद्या येईल, आणि परवा दोघं मिळून घरात बसू. एक पलंगावर, एक खुर्चीत. दाराशी तो ओळखीचा आवाज आला, एक पाऊल, एक फरफट. ड्रायव्हर आत आला आणि तिच्या पांघरुणावर एक दगड ठेवला. पिवळा, वर लाल बस काढलेली.

शेडताई बघतच राहिली. "हा कुठे मिळाला?"

"शिंप्याच्या ओट्याखाली. आणि हा तुझा नाही."

"म्हणजे?"

"उलटा कर."

तिने उलटा केला. खालची बाजू कोरी होती.

"तुझ्या प्रत्येक दगडाला खाली बोट टेकवलेलं असतं," ड्रायव्हर म्हणाला. "वर काढलेल्याच रंगाचं. झाकणावर टेकवतेस ना, तसं. पहिल्या माशालाच बघितलं होतं मी."

हात आपोआप जात होता. इतकी सोंगं केली, डाव्या हाताने लिहिलं, आणि शेवटी सवयीने घात केला! तिला हसावं की भांडावं कळेना, म्हणून ती भांडली. "मग इतके दिवस बोलला का नाहीत?"

"तू लपवत होतीस. मी शोधत होतो. बोलायचं काय त्यात?"

"आणि आज काहीच मिळालं नसतं तर?"

"तर एखादा साधा उचलून आणला असता. तू इथे पडलेली, रिकाम्या हाताने यायचं कसं?"

शेडताईने तोंड भिंतीकडे वळवलं. प्लास्टरमुळे फार वळता आलं नाही, त्यामुळे त्याने बघितलंच.

दुसऱ्या दिवशी दगड पोस्टाच्या पेटीवर होता. मग शाळेच्या फाटकात. सगळ्यांची खालची बाजू कोरी. ग्रुपवर तर कोणी चकार शब्द काढला नव्हता. शेवटी तिने लेकीला पकडलं. "कोण करतंय हे? तू?"

"मला कुठे रंगवता येतं! गोळ्या आणायला गेले तेव्हा औषधवाल्याने विचारलं, आई कशी आहे? सांगितलं, पडलीये. तो म्हणाला, मग दगड कोण ठेवणार? सगळ्यांना माहीत होतं आई, तूच ठेवतेस ते. मग त्यानेच शिंप्याला सांगितलं, शिंप्याने बाईंना. ग्रुपवर नाही बोलले, बाबा वाचतात म्हणून."

"औषधवाल्याने? ज्याला मी काढलं, त्याने?"

"त्यानेच. पहिली बस त्याची."

प्लास्टर निघाल्यावर शेडताई काठी घेऊन पहिल्यांदा गेली ती कोपऱ्यावर. ड्रायव्हर सोबत होता. दोघंही लंगडत, त्यामुळे चाल जुळली. औषधवाला काउंटरवरून बघून उभाच राहिला. शेडताईने फोन काढला, चष्मा लावला, त्याचा नंबर शोधला आणि उभ्या उभ्या त्याला ग्रुपमध्ये घेतलं. समोर त्याचा फोन वाजला.

"उपकार झाले तुमचे," ती म्हणाली. हे एवढं म्हणायला तिला किती जड गेलं असेल, ते तिला ओळखणाऱ्यांनाच कळेल. "माझ्या माणसाला चालतं ठेवलंत."

"ताई, मग आता नंबर लिहू का खाली?"

"लिहून तर बघा!"

तिघंही हसले. ती काउंटरला टेकून गोळ्यांचे पैसे देत असताना ड्रायव्हर दारातल्या वजनकाट्यामागे वाकला आणि बराच वेळ वाकलेलाच राहिला. तिने काठीने त्याच्या पाठीला हळूच ढोसलं. "अहो, उठा आता. तिथे काही नाही."

"आहे," तो म्हणाला आणि दगड उलटा करून खाली बघितलं. "कोरा आहे. तुझा नाही."